नऊ जणांना परवडेल असा डोंगर

आमच्या ट्रॉलीबस डेपोत ड्यूट्या लावायचं काम व्लास्ताकडे होतं. चौसष्ट ड्रायव्हर, त्यातल्या कुणाला पहाटपाळी नको, कुणाला रविवार नको, कुणाचं सासूशी पटत नाही म्हणून नेमकी सणाच्या दिवशी ड्यूटी हवी. हे सगळं ती एका तक्त्यात बसवायची, आणि तक्ता लागला की आम्ही तिच्या खिडकीशी जाऊन तक्रार करायचो. मीही करायचे. एकोणीस वर्षं मी तेरा नंबरची गाडी चालवली आणि एकोणीस वर्षं तिच्याशी भांडले.

याच व्लास्ताकडे आमची हिवाळी सहलही होती. कुणी तिला ती दिली नव्हती. पहिल्या वर्षी तिने फोन केला, म्हणून दुसऱ्या वर्षीही तिनेच करायचा, असं करत सतरा वर्षं झाली. तीन रात्री, चार दिवस, बेस्कीडी डोंगरातलं युनियनचं जुनं विश्रामगृह. गाद्या मधे खचलेल्या, गरम पाणी संध्याकाळी सातपर्यंतच, पण दारातून निघालं की समोर स्कीचा उतार, आणि भाडं इतकं कमी की त्याबद्दल कधी कुणी बोललंच नाही. त्या वर्षी सप्टेंबरात ते विश्रामगृह विकलं गेलं. नव्या मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते.

"आता?" आम्ही खिडकीशी जाऊन विचारलं.

"आता दुसरं शोधायचं," व्लास्ता म्हणाली. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. एकटी राहायची, केस कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. "मला फक्त सांगा, कुणाला काय हवंय."

हा प्रश्न तिने विचारायला नको होता.

राडोवानला लांबच लांब उतार हवा होता. राडोवान म्हणजे आमचा सहा नंबरचा ड्रायव्हर, आवाज मोठा, स्की त्याहून महाग. "तीनशे मीटरच्या उतारावर मी काय करू? वळेपर्यंत संपतो!" क्रिश्तोफ आणि त्याची बायको पहिल्यांदाच स्की पायात घालणार होते. त्यांना नवशिक्यांसाठी सपाट जागा आणि शिकवणारा हवा होता. म्हातारा बोहुश, आमचा निवृत्त मेकॅनिक, त्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं. तो स्की करतच नव्हता, नुसता यायचा, पण त्याला खोली तळमजल्यावर हवी होती. एकीला सॉना. एकाला कुत्रा बरोबर न्यायचा होता. आणि मी म्हणाले, "मला काहीही चालेल, फक्त फार महाग नको." मला वाटलं, मी किती समजूतदार! आता कळतं की सगळ्यात अवघड अट माझीच होती.

महिनाभर व्लास्ता जेवणाच्या सुट्टीत फोन करत होती. सुपाची वाटी गार होत बाजूला, कानाला फोन, समोर कॅलेंडर. आमच्या झेक देशात शाळांची हिवाळी सुट्टी जिल्ह्याजिल्ह्यांना पाळीपाळीने मिळते. ज्या आठवड्यात प्रागची मुलं सुटतात त्या आठवड्यात डोंगरात दर दीडपट. ते तिने खोडलं. पोलंडच्या सुट्ट्या वेगळ्या. तेही खोडलं. स्लोव्हाकियात पैसे युरोत मोजायचे, उतारावरच्या लिफ्टचा पासही तिथे महाग. एका ठिकाणी खोली स्वस्त, पण लिफ्ट बसने अर्ध्या तासावर. दुसरीकडे लिफ्ट दारात, पण चार रात्रींहून कमी देत नव्हते. तिसरीकडे सगळं जमलं आणि शेवटी बाई म्हणाली, "कुत्रा? नाही हो."

"कुत्र्याला घरी ठेव," व्लास्ताने कुत्रेवाल्याला सांगितलं.

"मग मी नाही येत."

"बरं."

"म्हणजे? मी नाही आलो तरी चालेल तुला?"

अशी बोलणी मी माझ्या कानांनी ऐकली आहेत.

नोव्हेंबरच्या मध्यावर तिला सापडलं. येसेनिकी डोंगरात एक छोटं गाव, लिस्कोवा. तिथल्या पाहुणघराची मालकीणबाई स्वतः स्वयंपाक करायची. तळमजल्यावर दोन खोल्या, लाकडी सॉना, मागे नवशिक्यांचा उतार आणि पलीकडच्या डोंगरमाथ्यावरून खाली येणारा दीड किलोमीटरचा चांगला उतार. जानेवारीचा शेवटचा आठवडा, कुणाच्याच शाळेला सुट्टी नाही. दोन वेळचं जेवण आणि तीन दिवसांचा पास धरून माणशी पाच हजार दोनशे क्राउन. आणि कुत्रा चालत होता!

मालकीणबाईने शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जागा राखून ठेवायचं कबूल केलं. व्लास्ताने सोमवारी सकाळी चहाच्या खोलीत कागद लावला. सगळं नीट लिहून खाली नऊ रेघा आखल्या. "येणार असाल तर सही करा. शुक्रवार, बारा वाजेपर्यंत."

मंगळवारी कागदावर एक सही होती, बोहुशची. तो निवृत्त झालेला, खास त्यासाठी बसने आला होता. बुधवारी क्रिश्तोफ आणि त्याच्या बायकोची. गुरुवारी सॉनावालीची. बाकीच्या रेघांवर सह्यांऐवजी मजकूर होता. "तिथे बर्फ असतो का?" "बिअर केवढ्याला?" आणि राडोवानच्या मोठ्या अक्षरात, "ऑस्ट्रिया!!!"

मी सही केली नव्हती. जायचं माझं ठरलेलंच होतं. रोज चहा घेताना तो कागद बघायचे आणि मनात म्हणायचे, शुक्रवारी करू. न करण्याचं कारण आजही मला सांगता येत नाही. कदाचित आधी दुसऱ्यांनी करावी असं वाटत असावं.

शुक्रवारी सकाळी व्लास्ता एकेकाला गाठत फिरली. राडोवान म्हणाला, "बघतो, संध्याकाळी सांगतो." कुत्रेवाला गाडीवर होता. मी गाडी घेऊन शेवटच्या स्टॉपवर होते, तिने तिथे येऊन खिडकीवर टकटक केली. "मिलाडा, हो की नाही?" मागे एक आजोबा काठी आपटत होते. मी म्हणाले, "हो गं, बहुतेक हो, डेपोत आल्यावर बोलू." आणि दार बंद करून निघाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी मालकीणबाईने ती जागा कुठल्याशा शाळेच्या शिक्षकांना दिली.

तीन वाजता पाळी संपवून आम्ही चहाच्या खोलीत आलो. राडोवानने खिशातून पेन काढलं. "चला, करतो सही. लिस्कोवा तर लिस्कोवा. तुझ्यासाठी करतोय हं, व्लास्तिन्का."

व्लास्ता तिथेच उभी होती. "गेली," ती म्हणाली.

"काय गेली?"

"जागा. तीन तासांपूर्वी."

"मग जरा थांबवायचं ना तिला! दोन शब्द गोड बोलली असतीस."

मी व्लास्ताला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ती ओरडली नाही, पण तिचा आवाज असा झाला की वॉशिंगच्या शेडमधून दोघं बघायला आले. "एक्केचाळीस फोन केले मी. एक्केचाळीस. तुमच्या पोटाला, कंबरेला, कुत्र्याला, सगळ्यांना विचारून. एक सही मागितली, एक! तेवढं नाव लिहायला पाच दिवस पुरले नाहीत तुम्हाला. आता तुम्हीच शोधा. मी पैसे भरीन आणि मागच्या सीटवर बसेन."

"अगं, रागावू नकोस."

"रागावलेय मी. बसू दे मला रागावून."

आणि खिडकीचा पडदा ओढून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला सलग तीन पहाटपाळ्या लावल्या. मी तक्रार केली नाही.

राडोवानने जागा शोधली. त्याला दोन संध्याकाळी पुरल्या. "बघा, सतरा वर्षं बाई उगाच डोंगर उचलून फिरत होत्या!" ऑस्ट्रियातलं गाव, साडेसहा हजारात सगळं, फोटोत निळं आभाळ आणि घराच्या कौलांवर हातभर बर्फ. आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी होकार दिला. कुत्रेवाल्याने कुत्रा बहिणीकडे ठेवला, एक शब्दही न बोलता.

भाड्याच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. परदेशात खाणं महाग म्हणून प्रत्येकाने घरून पावात घातलेले श्निट्झेल, म्हणजे मांसाचे तळलेले काप, आणले होते, सीमा ओलांडेपर्यंत अर्धे संपलेही. व्लास्ता खरोखर मागच्या सीटवर बसली होती, शब्दकोडं सोडवत.

पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. जानेवारीत, ऑस्ट्रियात, पाऊस! गाव देखणं होतं, त्या गावाला मी नावं ठेवणार नाही. पण ते खोल दरीत होतं. हिरवं-तपकिरी गवत, आणि त्या गवतावरून मशीनने टाकलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा. नवशिक्यांची जागा बंद. खरा उतार वर होता, मोठ्या डोंगरावर, बसने चाळीस मिनिटं, आणि त्याचा पास आमच्या पैशांत धरलेला नव्हता. बोहुशची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला आम्ही दोघांनी दंडाला धरून वर नेलं. प्रत्येक पायरीला तो म्हणायचा, "मी मंगळवारीच सही केली होती."

राडोवान फोनवर जर्मनमध्ये ओरडत होता. त्याचं जर्मन म्हणजे झेक शब्द मोठ्याने. पलीकडची बाई शांतपणे म्हणत होती की फोटो फेब्रुवारीतला आहे, तसं तिथे लिहिलेलंही आहे.

रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे एका टेबलाशी बसलो होतो. क्रिश्तोफची बायको रडवेली झाली होती. नवं जॅकेट, नवे हातमोजे, आणि पाय ठेवायला बर्फ नाही. हळूहळू सगळे व्लास्ताकडे बघायला लागले. कुणी ठरवून नाही, सवयच होती ती.

"व्लास्ता," राडोवान शेवटी म्हणाला, "काहीतरी कर ना."

तिने तोंडातला घास सावकाश गिळला. "मी सहलीला आलेय," ती म्हणाली, आणि बटाट्याची कोशिंबीर पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच स्की खांद्यावर टाकून बसस्टॉपवर उभी होती. मला ती खिडकीतून दिसली. मी दात न घासताच धावत गेले. "येऊ?"

"पास तुझ्या पैशांनी."

"हो."

वर पाऊस नव्हता. खरा बर्फ होता, कोरडा, पायाखाली कुरकुरणारा, आणि ढगांच्या वर ऊन. सतरा वर्षांत मी व्लास्ताला नवशिक्यांच्या उताराच्या पलीकडे कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी पडलेलं असायचं, कुणाचा हातमोजा हरवलेला असायचा, कुणाला तरी चहा आणून द्यायचा असायचा. मला वाटायचं, तिला तेवढंच येतं.

सगळ्यात तीव्र उताराच्या टोकाशी ती उभी राहिली, चष्म्याची दोरी डोक्यामागे घट्ट केली आणि निघाली. गुडघे एकमेकांना चिकटलेले, जुन्या पद्धतीने, लहान लहान वळणं घेत, इतकी सहज की जणू जिना उतरतेय. लिफ्टच्या वर चढणाऱ्या खुर्च्यांमधली माणसं वळून बघत होती. मी तो उतार अर्धा बसून उतरले. खाली ती माझी वाट बघत होती, गाल लाल.

"हे कुठे शिकलीस?"

"सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या संघात होते. मग गुडघा गेला."

"आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीस!"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "आणि सांगून काय केलं असतं? क्रिश्तोफसारख्यांना उठवणार कोण होतं?"

"मी उठवलं असतं."

"तू?" ती हसली. "तुझ्याच्याने एक सही झाली नाही."

मी काठ्या उचलेपर्यंत ती पुन्हा खुर्चीकडे निघालीसुद्धा. त्या दिवशी ती चौदा वेळा वर गेली. मी मोजलं, कारण पाच फेऱ्यांनंतर मी टपरीत रम घातलेला चहा पीत बसले होते.

परतीच्या वाटेवर राडोवान दोन तास त्या वेबसाइटला शिव्या देत होता. त्याची काही चूक झाली असं त्याला वाटलं नाही, आजही वाटत नाही. ब्रनो शहर जवळ आलं तेव्हा सगळे एकदम पुढच्या वर्षाबद्दल बोलायला लागले. पोलंड बरं, नाही स्लोव्हाकिया, नाही, उंच हवं, नाही, स्वस्त हवं. मागे व्लास्ता झोपली होती, किंवा झोपल्याचं दाखवत होती.

पुढचं वर्ष आलंच नाही. जूनमध्ये व्लास्ता निवृत्त झाली. ड्यूट्या आता कॉम्प्युटर लावतो, त्याच्याशी भांडता येत नाही. दर नोव्हेंबरात चहाच्या खोलीत कुणीतरी म्हणतं, "यंदा कुठेतरी जायला हवं बुवा," सगळे म्हणतात "हवंच", आणि कप विसळून आपापल्या गाडीवर जातात.

व्लास्ता मात्र जाते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळांच्या सुट्ट्या संपल्या की, एकटी. कुठे ते तिने डेपोत कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या मार्चमध्ये मी गाडीवरून उतरत होते तेव्हा तिचा फोन आला.

"दोन पलंगांची खोली मिळालीय. शुक्रवार ते सोमवार. येतेस?"

"कुठे? केवढ्याला? मला जरा ड्यूटी बघू दे—"

"मिलाडा," ती म्हणाली, "मालकीणबाई दुसऱ्या फोनवर आहे."

"येते," मी म्हणाले.