डोळे कुणाकडून आले

मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावरही थांबत नाही, हा माझा दोष घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मुलीचे डोळे घारे निघाले तेव्हा मी गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. माझे वडील घारे. "आजोबांवर गेली," असं म्हणून आल्यागेल्यांनी गालगुच्चे घेतले होते आणि विषय संपला होता.

तो मी उकरून काढला. पोर पाच महिन्यांची असताना सासू-सासरे निफाडहून द्राक्षांची पेटी घेऊन आले. सासऱ्यांचा जन्म बागेत गेलेला. नातीला मांडीवर घेऊन ते म्हणाले, "ही समदी तुझ्या माहेरावर गेली. आमच्याकडचं काय नाय हिच्यात."

"असं नसतं बाबा," म्हणत मी पेटीच्या पुठ्ठ्यावरच आकृती काढायला घेतली. "घारा रंग अप्रभावी असतो. एकाच बाजूने आला तर काळ्यापुढे दबून राहतो, माझ्यात राहिलाय तसा. डोळ्यांत दिसायचा तर दोन्हीकडून यावा लागतो. म्हणजे तुमच्याकडेही कधीतरी कुणीतरी घारं असणारच."

"आमच्यात कुणी नाय घारं. बागेत एक जात लावली की तीच द्राक्षं येत्यात. मधीच दुसरी कशी निघंल?"

"तुम्ही काडी लावता. काडीतून मूळ वेलच पुन्हा वाढते. बी लावून बघा, प्रत्येक वेल निराळी निघेल. माणसं बियांचीच असतात."

"बी कोण लावतं? काय निघंल त्याचा भरवसा नाय," ते म्हणाले आणि एकदम थांबले. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाच्या काळ्याभोर डोळ्यांकडे. मग नातीला उचलून सासूबाईंच्या हातात दिलं. दोन्हीकडून यावंच लागतं आणि आमच्यात कुणीच नाही, या दोन वाक्यांची बेरीज काय होते ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

त्यांना खाली सोडून आल्यावर नवरा म्हणाला, "रविवारी तरी शाळा बंद ठेवत जा." तो हसत होता. मला रडू येत होतं.

पुढचा महिनाभर सासऱ्यांनी फोनवर पावसापाण्याचं विचारलं, नातीचं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या पुठ्ठ्याचा.

पोरीला सहा महिने पूर्ण झाल्यावर आमच्या फ्लॅटवरच उष्टावण केलं. रिवाजाप्रमाणे माझ्या भावाने भाचीला खिरीचं पहिलं बोट चाटवलं. सासरे आले होते, पण चपला काढून थेट गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांची थोरली बहीण मात्र वणीहून आली होती. गुडघ्यांमुळे त्यांना बारशाला येता आलं नव्हतं, म्हणून पोरीला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बघतच राहिल्या.

"आरं, हिकडं ये," त्यांनी भावाला हाक मारली. "आपल्या आईचे डोळे हायेत हे."

सासरे गॅलरीच्या दारात आले. "आईचे डोळे काळे व्हते."

"ती सावत्र. आपली आई लय घारी व्हती. ती गेली तवा तू रांगत व्हतास, तुला काय ठावं? नवी आई आल्यावर घरात तिचं नाव काढायचं नाय, आसं व्हतं. मंग मीबी सवयीनं गप ऱ्हायले."

जीव भांड्यात पडल्याचा मला एवढा आनंद झाला, की मी पुन्हा आकृती काढायला निघाले होते. नवऱ्याने मनगट धरलं. सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मलाच शरम वाटली. मी सुटले म्हणून खुशीत होते, आणि त्या माणसाकडे आईचा एक फोटोसुद्धा नव्हता.

ते बहिणीजवळ खाली बसले आणि त्यांनी हात पुढे केले. पण खीर पोटात गेलेली पोर तोवर आतेसासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती. सासऱ्यांनी तिला तशीच जपून मांडीवर घेतलं. पानं वाढून झाली, सासूबाईंनी दोनदा हाक मारली.

"तुमी बसा जेवायला," ते मांडी न हलवता हळूच म्हणाले. "ती डोळे उघडंल तवा मी इथं पायजे."