दाजींचं नाक आणि ताईचा झाडू

आमच्या दाजींचं नाक त्यांच्या जरा आधीच घरात शिरतं. लांब ते आहेच, पण त्याची कीर्ती त्याहून लांब. खताच्या कारखान्यात दाजी गॅसच्या लायनीवर गळती शोधायचं काम करत. गळती टिपणाऱ्या यंत्राने बोंब मारायच्या आत ते एखाद्या सांध्यापाशी थबकत, डोळे मिटून हुंगत आणि म्हणत, "पाना आणा." कारखान्यात सगळे त्यांना 'नाकसाहेब' म्हणायचे. घरात मात्र ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, या नाकाचं काडीचं कौतुक नव्हतं. "कारखानाभर गॅस हुंगत फिरतात, आणि इथे शेगडीवर दूध करपलं तरी पेपरातून डोकं वर निघत नाही!"

असं सगळं सुखाचं चाललं असताना कारखान्याने गॅसला सोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं.

खताला हायड्रोजन लागतो. आजवर तो या गॅसमधून काढायचे आणि उरलेला कार्बन धुराड्यातून आभाळाच्या गळ्यात मारायचे. आता वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा होता. "दिवे, पंखे, गाड्या विजेवर चालतील," दाजी मला समजावत होते, "पण खत आणि पोलाद नुसत्या विजेने होत नाही रे. तिथे हाच लागणार. अजून महाग पडतो, म्हणून आधी एकच विभाग."

"मग तोंड का पाडलंय?"

"त्याला वास नाही."

एखादी ठरलेली सोयरीक मोडल्याचं सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं.

"मग थोडा वास मिसळायचा!"

"मिसळला की पुढची यंत्रं बिघडतात. आणि पेटला तर भर उन्हात त्याची ज्योतही दिसत नाही."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखा," ताई आतून म्हणाली. "घरात आहे की नाही, पत्ता लागत नाही."

दाजी हसले नाहीत, तेव्हा मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. नव्या विभागात राहायचं तर प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची होती. नापास झालं की स्टोअरमध्ये खुर्ची टाकून नटबोल्टांची राखण. दाजींच्या लेखी ती निरोपसमारंभाशिवायची निवृत्ती होती.

पहिल्या परीक्षेला मैदानात पाइपांचं जाळं मांडलं होतं आणि त्यातल्या एका सांध्यावर बारीकशी ज्योत पेटवून ठेवली होती. न दिसणारी. दाजींच्या हातात यंत्र दिलेलं होतं. दाजींनी ते झटक्यात बगलेत मारलं आणि सवयीने वाकून नाक पुढे केलं. प्रशिक्षक बाईंनी त्यांना कॉलर धरून मागे ओढलं.

"काका! हुंगताय काय? तिथे आग आहे!"

नाक वाचलं, पण मिशीचा डावा कोपरा गेला. बाई भल्या होत्या. त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी दिली आणि बजावलं, "यंत्राकडे बघत चला. आणि समोर लांब दांड्याचा झाडू धरा. यंत्रं नव्हती तेव्हा लोक असंच करायचे. ज्योत असेल तर आधी झाडू पेटतो, माणूस नाही."

अर्ध्या मिशीने दाजींनी हे घरी सांगितलं आणि ताई हसता हसता खाली बसली. "इतकी वर्षं मी कंठशोष केला, तेव्हा झाडूला हात लावला नाहीत! शेवटी बाईंनी हातात दिलाच!"

पण डोळे पुसून तीच उठली आणि जाळी काढायचा लांब झाडू घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. दाजींनी झाडू पुढे धरून बोळातून चालायचं. वाटेत मी दोन्ही हात पसरून पाइप म्हणून उभा. ताई मागे, कॉलर धरायला. नाकाला मोह पडावा म्हणून तिने कोपऱ्याकोपऱ्यात साबणाच्या नव्या वड्या ठेवल्या होत्या. दाजींची मान जरा पुढे गेली की गर्जना व्हायची, "झाडू पुढे, नाक मागे!" माझ्या हनुवटीचं सालपट निघालं, पण घरात औषधालाही जाळं उरलं नाही.

परीक्षेच्या सकाळी दाजी तोच झाडू बगलेत मारून निघाले.

"अहो, कारखान्यात झाडू नाहीत का?"

"याची सवय झालीय."

संध्याकाळी मी चहाच्या निमित्ताने ताईकडे जाऊन बसलो. मला मुळीच काळजी नाही, असं सांगत तिने एकच डबा पुन्हा पुन्हा पुसला. चहासाठी दूध तापत ठेवलं आणि एकदम म्हणाली, "खुर्चीवर बसवला ना, तर हा माणूस महिन्याभरात म्हातारा होईल रे."

दार वाजलं. आधी नाक आत आलं, मग दाजी. चेहरा मख्ख, एक हात पाठीमागे.

"काय झालं?" ताईने विचारलं.

दाजींनी हात पुढे केला. झाडूचं टोक जळून काळं ठिक्कर पडलं होतं.

"माझा झाडू!" ताई ओरडली, आणि तिथेच थांबली. "म्हणजे... सापडली?"

"खालच्या वाकणापाशी. आधी यंत्राने सांगितलं, मग हा पेटला. व्हॉल्व्ह बंद केला. सोमवारपासून नवा विभाग."

"आणि नाक?"

"मागे होतं."

ताईने पदर डोळ्यांना लावला आणि खेकसली, "उद्या नवा झाडू आणून द्या मला!"

"दोन आणतो," दाजी म्हणाले. मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "अगं, दूध!"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना घरातलं काही करपलेलं कळलं होतं. आम्ही दोघं उठायच्या आत ते स्वयंपाकघराकडे धावले. झाडू पुढे, नाक मागे.