खिंड मोकळी होईल, सर

हवाई दलात मी बावीस वर्षं काढली आणि एकदाही विमान चालवलं नाही. आभाळाकडे बघायचं आणि दिसेल ते एका ओळीत लिहायचं, याचा मला पगार मिळायचा. हुद्दा सार्जंट, काम हवामानाचं. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका लहान हेलिकॉप्टर तळावर होतं. तळाचं नाव सांगत नाही.

आमची ती ओळ बाहेरच्या माणसाला गिचमिड वाटते. खरं तर सोपी असते. आधी तळाची खूण, मग वेळ, तीही ग्रीनिचची, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. मग वारा. मग चार आकडे, किती मीटरपर्यंत दिसतं ते. पुढे अक्षरं. एफजी म्हणजे दाट धुकं, हजार मीटरसुद्धा दिसत नाही असं. बीआर म्हणजे विरळ. शेवटी पुढच्या दोन तासांचा अंदाज: काही बदलणार नसेल तर नोसिग, बदलणार असेल तर बीईसीएमजी. आमच्याकडे अंतर मोजायला यंत्र नव्हतं. पाण्याची टाकी सहाशे मीटर, देवळाचा कळस पंधराशे, नदीवरचा पूल तीन हजार. काय दिसतं त्यावरून आकडा लिहायचा.

आणि एक नियम. नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो मी पहिल्याच दिवशी सांगायचो. ही ओळ फक्त आपल्या मैदानापुरती आहे. डोंगरापलीकडचं आपल्याला दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

त्या तळावर मावळातले आम्ही दोघे. मी कार्ल्याचा, आणि फ्लाइट इंजिनिअर सार्जंट सुनील ओव्हाळ आंबीचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मला भाऊ म्हणायचा. उड्डाणाआधी रोज खिडकीत डोकं घालून विचारायचा, "काय म्हनतंय भाऊ तुजं आभाळ?" मी म्हणायचो, "तू आदी चा पी." त्याच्या बोलण्यामुळे मला तिथे परकं वाटलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी, आपल्या घड्याळाने ०६१० ला, निरोप आला. खिंडीपलीकडच्या चौकीवर एका जवानाच्या छातीत पाणी झालं होतं. त्याला लगेच खाली आणायला हवं होतं.

०६३० चा रिपोर्ट मी लिहिला. टाकी जेमतेम दिसत होती. शून्य सहाशे, एफजी. अंदाज: बीईसीएमजी, तीन हजार, बीआर. हे बरोबर होतं. ०७०० ला पूल दिसला.

स्क्वाड्रन लीडर मेनन हेलिकॉप्टरचे कॅप्टन, म्हणजे मुख्य वैमानिक होते. शांत माणूस, रिपोर्ट दोनदा वाचणारा. त्यांनी कागद खाली ठेवला.

"मैदान कळलं. खिंड?"

मला म्हणायचं होतं, माहीत नाही सर. पण तो जवान डोळ्यांपुढे होता, आणि बाहेर ऊन पडलं होतं. मी म्हणालो, "ऊन आलंय. खिंड मोकळी होईल, सर."

सुनील शेजारीच होता. हेल्मेट घालता घालता म्हणाला, "आपल्याकडच्यावानीच हाय म्हन की."

"तसंच हाय," मी म्हणालो.

थंडीत इंद्रायणीकाठच्या खाचरांवर धुकं बसतं. ऊन आलं की उठतं आणि आठपर्यंत सगळे बांध दिसायला लागतात. लहानपणापासून हेच बघितलेलं. ते उठून जातं कुठे, याचा विचार खाली राहणाऱ्या माणसाने कधी केलेला नसतो. त्या सकाळी ते मैदानावरून उठलं आणि खिंडीत जाऊन बसलं.

०७१२ ला ते दोघे आणि सहवैमानिक उडाले. ०७३१ ला ते खिंडीच्या तोंडाशी पोचले, रेडिओवर मेनन.

"बेस, एंटरिंग पास."

०७३३. "बेस, पास पुढे बंद. टर्निंग बॅक."

"रॉजर."

त्यानंतर काही नाही. कंट्रोलरने चाळीस मिनिटं हाक मारली. मी त्याच्या मागे उभा होतो. शोधपथक दुपारी पोचलं. तिघेही गेले होते. त्या जवानाला दुसऱ्या वाटेने स्ट्रेचरवर खाली आणलं. तो जगला.

चौकशीत मला विचारलं, "वैमानिकाला काय दिलंत?"

"रिपोर्ट, सर."

रिपोर्ट तपासला. त्यात चूक नव्हती. तोंडी काय बोललात, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निष्कर्ष आला: खिंड बंद असताना आत जाण्याचा वैमानिकाचा निर्णय चुकला.

निवृत्त होऊन कार्ल्याला आलो. दरवर्षी त्या दिवशी आंबीला सुनीलच्या घरी जायचो. बुद्धवंदना व्हायची, जेवण व्हायचं. त्याची आई, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, येईल त्याला सांगायच्या, "त्या सायबाच्या घाईनं माजं प्वार गेलं." मी खाली मान घालून जेवायचो. सहा वर्षं मी ते जेवण जेवलो. त्याची आजही लाज वाटते.

या वर्षी मावशी म्हणाल्या, "कसल्या आयनं वाडवला आसंल त्या सायबाला!"

मी हातातला घास ताटात ठेवला. लोक गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मेनन काय म्हणाले, मी काय म्हणालो, सुनील काय म्हणाला. हे सगळं लिहून तळाला आणि मेननसाहेबांच्या घरी पाठवलं आहे, तेही सांगितलं.

मावशींनी उचललेली भांडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी सायबानं इचारलं व्हतं?"

"व्हय, मावशी."

"आनि तू सांगितलंस."

"व्हय."

"नाव काय त्याचं?"

"मेनन."

"आजून कोन व्हतं?"

"सहवैमानिक, फ्लाइंग ऑफिसर बिश्त. चोवीस वर्षांचा."

बुद्धमूर्तीपुढे एक मेणबत्ती जळत होती. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिच्यावरून आणखी दोन पेटवल्या. प्रत्येक लावताना नाव घेतलं. मेनन. बिश्त. मग आधीच्या मेणबत्तीपुढे सुनीलचं. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"फुडल्या साली तू येऊ नगं," त्या म्हणाल्या. "तिगांचं मी करीन."