दुसऱ्याचा फास

दोरीचा फास कुजतो, तारेचा कुजत नाही. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याने जंगलात जगण्याच्या गप्पा मारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाच्याही तोंडावर सांगेन. एकदा सांगितलंही होतं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आम्ही पिंपरी पेंढारचे. घरात शेती होती, तरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहा-बारा मेंढरं ठेवलीच होती. नव्वदनंतर, मी शाळेत असताना, त्यांनी मला माळावर नेऊन फास लावायला शिकवलं. घायपाताचे तंतू भिजवायचे, मांडीवर दोरी वळायची, निरगुडीची फांदी वाकवून ती खुंटीला अडकवायची. जरा धक्का लागला की फांदी वर आणि सावज लोंबकळत. फास चुकला की आबा काठीने तो उधळून लावायचे आणि म्हणायचे, "पुन्ना लाव." असे शंभरदा उधळले असतील. ससा मिळाला दोन-चार वेळा. पुढे ससा धरणं गुन्हा आहे हे कळलं तसं आबांनी ते सोडून दिलं. माझा हात मात्र विसरला नाही.

फासाबरोबर त्यांनी एक रीतही शिकवली होती. ज्याचा फास त्यानेच सोडायचा. सराव झाला की फास सोडल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याच्या फासाला मेलं तरी हात लावायचा नाही. माळावर सगळे धनगर, शेतकरी ही रीत पाळायचे. दुसऱ्याच्या फासाला हात म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात.

दोन हजार सालानंतर पुण्याहून एक सर आले. पँटला गुडघ्यापर्यंत खिसे. त्यांना 'रानात तगून राहण्याचं' शिबिर घ्यायचं होतं. आधी भीमाशंकरला जाऊन आले होते, तिथे जंगलखात्याने उभं केलं नाही, म्हणून आमच्या माळावर. फास शिकवायला कुणीतरी पाहिजे होतं. गावात कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि मीही हुरळलो. खोटं कशाला बोलू, आयुष्यात कधी कुणी मला सर म्हटलं नव्हतं, इथे वीस-बावीस शिकलेली माणसं म्हणत होती.

शनिवारी सकाळी मी घायपाताची दोरी घेऊन गेलो. सरांनी ती हातात धरून बघितली आणि बाजूला ठेवली. त्यांनी मोटारसायकलच्या क्लचच्या तारांचं बंडल आणलं होतं. म्हणाले, "दोरी सगळ्यांना वळायला जमणार नाही हो. तार बरी. शिवाय फोटोत नीट दिसते."

मी म्हटलं, "सर, तार मांसात जाते."

"आपल्याला कुठे काही पकडायचंय? सराव तर आहे."

तिथेच मी उठून जायला पाहिजे होतं. गेलो नाही. दिवसभर शिकवलं. लोकांनी हौसेने फास लावले, कुणी झुडपात, कुणी बांधाला, आणि दोघा-तिघांनी तर चक्क मेंढरांच्या वाटेवर. दिवस कलताना मी एक चक्कर मारली. ते वाटेवरचे फास दिसले. हात पुढे गेलासुद्धा. आणि मागे घेतला, कारण फास माझे नव्हते. सरांना जाऊन बजावलं, "सकाळी उठल्या उठल्या ज्याने-त्याने आपापला फास सोडायचा. चहाच्या आधी."

"हो हो, शेड्यूलमध्ये आहे," सर म्हणाले.

रविवारी सकाळी धारा काढून मी निघालो, तर आबा दारातच भेटले. त्यांची कुत्री रात्रीपासून आली नव्हती. ही कुत्री म्हणजे आबांचा उजवा हात होती. ऊस वाढला तसे बिबटे उसात राहायला आले होते, आणि आमच्या आळीत बाकीच्यांनी मेंढरं कधीच काढून टाकली होती. आबांची टिकली ती हिच्या जिवावर. ती गेली तर मेंढरं ठेवणं शक्य नव्हतं, आणि मेंढरांशिवाय आबा घरात बसून काय करणार होते? त्यांना वाटलं बिबट्याने नेली. म्हणाले, "वाघानं नेली आसंल तर केसं तरी घावतील," आणि काठी घेऊन उसाकडे गेले.

मी माळावर गेलो. शिबिराची गाडी पहाटेच गेली होती, रस्त्याला गर्दी लागायच्या आत. जागा अशी स्वच्छ की बघत राहावं. एक कागदी बशी नाही, एक बिस्किटाचा कागद नाही. रानात कचरा करायचा नाही म्हणून सगळा पिशव्यांत भरून नेला होता शहाण्यांनी. आणि फास जिथल्या तिथे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मग ती आग झटकन विझली, कारण कुत्री कुठे असेल ते मला कळलं.

मेंढरांच्या वाटेवर, घाणेरीच्या झुडपात पडली होती. पुढच्या पायात तार, सुटायच्या धडपडीत हाडापर्यंत गेलेली. स्वतःच्याच पायाला तिने चावे घेतले होते. मी जवळ गेलो तर दात विचकले. आबांना हाक मारून आणलं. त्यांनी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी घरून आणलेल्या पक्कडीने तार तोडली आणि एवढंच म्हणाले, "गाडी बघ."

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय काढला. कुत्री वाचली.

दुपारभर आम्ही दोघांनी उरलेले फास काढले. आबांना दुसऱ्याच्या फासाला हात लावताना मी पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळी मी सरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, मग शांतपणे म्हणाले, "वाईट झालं. पण शिकवणारे तर तुम्हीच होता ना?" समोर असता तर फोन नाही, माणूस आपटला असता.

घरी येऊन त्यांचा उद्धार चालू केला. खिशांची पँट, तार, फोटो, काही सोडलं नाही. आबा कुत्रीसाठी दुधात भाकरी कुस्करत होते. माझं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "काल सांजच्याला तू गेला व्हतास ना तिकडं? वाटंवरचे फास दिसले व्हते का?"

"दिसले व्हते."

"मग?"

"दुसऱ्याचे व्हते, आबा. हात लावायचा न्हाई, तुमीच शिकवलंय."

आबांनी भाकरीचा शेवटचा तुकडा कुस्करला. "ते ससा चोरू नये म्हनून रं," ते म्हणाले. "हितं ससा कुनाला पायजे व्हता?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी मेंढरं विकली. तीन पायांच्या कुत्रीच्या भरवशावर ती ठेवता येत नव्हती, आणि नवी कुत्री तयार करायचं वय राहिलं नाही, असं म्हणाले. त्यावरून मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी उलटून भांडलो असतो, सगळं त्या सरांवर ढकलून मोकळा झालो असतो. टेम्पो दारात आला तेव्हा त्यांनी मला फक्त मागचा फाळका धरायला सांगितलं. ते एकेक मेंढरू उचलून आत देत होते आणि मी फाळका धरून उभा होतो.