गॉर्डी आणि ‘स्लॅगहॅमर’चं चरित्र

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये ‘स्लॅगहॅमर’ या रॉक बँडचे चाहते आता फार उरले नाहीत, पण उरलेत ते सगळे हट्टी. बँडचं चरित्र निघालं तेव्हा आम्ही ते वाचलं नाही, तपासलं. व्हॅन कुठल्या दौऱ्यात बंद पडली, पहिला ड्रमर का निघून गेला, सगळं पारखून घेतलं. पुस्तक झकास उतरलं होतं. उगाच आरत्या ओवाळल्या नव्हत्या, भांडणंही जशीच्या तशी होती.

याचं श्रेय गॉर्डी पाव्लिकला. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवणारा हा माणूस बँडचे कार्यक्रम कोटात दडवलेल्या रेकॉर्डरवर टिपायचा आणि त्याच्या कॅसेटी करून आम्हाला फुकट वाटायचा. लेखिकेनं त्याच कॅसेटी ऐकून पुस्तक लिहिलं. पहिल्याच पानावर त्याचे आभार. गॉर्डी छाती काढून फिरायला लागला. आमचा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

मग एका रविवारी आमच्या बारमध्ये नोरीन व्हॅस्को आली. ही बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. सगळ्या कारकिर्दीत ती एकच गाणं स्वतः गायली, तेही एकदाच, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये. त्यानंतर लगेच बँड फुटला. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, आमच्यातला एकटा गॉर्डीच तिथे पोचला होता. पुस्तकात लिहिलंय की गाणं पडलं, एकही टाळी वाजली नाही.

“मला आपलं वाटायचं, लोक उभे राहिले होते,” नोरीन म्हणाली. “इतकी वर्षं तेच धरून बसले होते. पण टेपवर नाही म्हणजे नसणारच. वेडी मी!”

गॉर्डीचा चेहरा खर्रकन उतरला. कॅसेट भरत आली की गाणी तेवढी ठेवायची आणि मधलं सगळं गाळायचं, ही आमच्यातली रीतच होती. लेखिकेनं ते विचारलं नाही आणि गॉर्डीला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आताही तो गप्प बसला असता तर पुस्तकाचं नाव राहिलं असतं आणि त्याचंही.

“नोरीन, टाळ्या मी कापल्या,” तो म्हणाला. “कॅसेटमध्ये जागा नव्हती.”

“काय रे, एवढ्याशा टाळ्यांना जागा नव्हती?”

“एवढ्याशा कुठल्या, बाई? गाण्यापेक्षा लांब होत्या.”