पहिली बाटली मारुतीपुढं

द्वारकाबाई, या हंगामात तुमच्या बागेत तोडणीला शहरातून इतकी माणसं आली, की गाड्या लावायला जागा पुरेना. माणसं येतील, धीर धरा, असं तुम्हीच म्हणायचात. आली. टोप्या घालून फोटो काढले, पडलेल्या घडांवर पाय दिले. तुम्ही असतात तर एकेकाला झापलं असतंत. गावातली मात्र एकही बाई आली नाही. हे तुम्हाला सांगावं की नाही, तेच मला कळत नाही.

बांधावर बसून करुणाताई हे मनातल्या मनात बोलत होत्या. करुणाताई छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. द्वारकाबाई कन्नड रस्त्यापासून आत असलेल्या गावातल्या. गळ्यात तुळशीची माळ, लग्न होऊन आल्यापासून भजनी मंडळात. नवरा गेल्यावर त्यांनी वाइनच्या द्राक्षांची बाग लावली आणि वाइनचा थेंब कधी जिभेला लावला नाही. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं, आणि खरं तर नव्हतंही.

आपल्या भागाची म्हणून एक वाइन व्हावी, यासाठी चार बागायतदारांनी संघ काढला. तोडणीला स्वयंसेवक गोळा करायचं काम करुणाताईंनी अंगावर घेतलं. पहिल्या साली आलेली शहरी मंडळी ऊन चढताच गाडीत जाऊन बसली. द्वारकाबाई म्हणाल्या, पाहुणे म्हणून बोलावता, म्हणून हे असं होतं. सप्त्यात घराघराला काम नेमून देतात ना, तसं द्या. त्यांनी मंडळातल्या बायाच आणल्या. एकेका शहरी माणसाला एकेक बाई जोडून दिली, प्रत्येक जोडीला वेलींची एकेक ओळ. घड गार असतानाच तोडायचे, मग बांधावर भाकरी-ठेचा. कात्र्या चालायच्या, एक बाई गवळण उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. शहरातून आलेला बँकेतला साहेबसुद्धा गवळणीच्या तिसऱ्या ओळीला सूर लावायला लागला. पुढच्या साली तीच माणसं आपले भाऊ-मेहुणे घेऊन आली. संघाच्या बैठकांनी जे जमलं नाही ते या बाईनं भाकरीवर जमवलं.

मग पहिली बाटली आली. द्वारकाबाईंचा मुलगा सुदर्शन ती घेऊन आला. गावची रीत अशी, की पहिलं कणीस, व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, जे पहिलं ते मारुतीपुढं. द्वारकाबाईंनी बाटली धुतली, पुसली, फूल वाहून मारुतीपुढं ठेवली आणि हात जोडले. एवढंच त्यांनी केलं.

मंडळाचे म्होरके कडुबा महाराज काकड्याला आले, तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या.

"द्वारका, दारू ठिवलीस व्हय देवापुढं?"

"पयलं पीक हाय, दादा. द्राक्षंच की ती."

महाराज ओरडले नाहीत. उपरण्यात धरून बाटली बाहेर नेली, देऊळ धुवून घेतलं. संध्याकाळी निरोप आला, द्वारकानं भजनाला येऊ नये. तोडणीला जाणाऱ्या बायांनाही मग घरून मनाई झाली. तोवर बागेत द्राक्षं होती, आता दारू झाली.

करुणाताई तणतणत आल्या. मी बोलते त्या महाराजाशी, म्हणाल्या.

"नगं ताई," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या, बोलण्यात जिंकताल. मंग मला भजनात कोण बसवून घील?"

घरी म्हणा की भजन, असं करुणाताईंनी सुचवून पाहिलं. त्यावर द्वारकाबाई कसनुसं हसल्या. एकटीनं म्हटलं की मागून कुणी धरत नाय, म्हणाल्या, चूल ऐकती नुसती.

पुढची तोडणी त्यांनी शहरी माणसांना हाताशी धरून उरकली. बायांच्या ओळीही त्यांनीच तोडल्या. ओळीच्या शेवटाला पोचल्या की उगाच वाटेकडं बघत. त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या.

मयताला सगळं मंडळ आलं. कडुबा महाराज स्वतः पुढं, टाळ-मृदंग, अभंग, काही कमी नाही. बाया रडत रडत गात होत्या. करुणाताई मागे चालत राहिल्या. हेच चार दिवस आधी केलं असतं तर, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण द्वारकाबाईंना ते आवडलं नसतं, म्हणून गिळलं.

त्या शेवटच्या तोडणीच्या आधी द्वारकाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. एकादशीला पिशोरला भजन असतं, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. तुमच्या गाडीत घेऊन चला, शहरातली पाहुणी म्हणून सांगा, मी मागं बसंन. करुणाताई येत्या एकादशीलाच निघायला तयार होत्या. द्वारकाबाईच म्हणाल्या, द्राक्षांत साखर भरलीय, घड थांबायचे नाहीत, तोडणी होऊ द्या, त्याच्या पुढच्या एकादशीला जाऊ. करुणाताईंनी पिशोरला फोन करून विचारलंही होतं. बायांची बैठक वेगळी असते, कुणीही या, असं तिकडून सांगितलं होतं.

ते जाणं राहिलं.