मार्केट यार्डातला अडत्या

"सायबाला दे म्हणतोय न्हवं! का मी यिऊ तिकडं?"

माझ्या कानातल्या हेडसेटमध्ये हा आवाज फुटला आणि मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. आवाज गुळाच्या अडत्याचा होता. जाडाभरडा, तंबाखू खाल्लेला. पण तो ज्या फोनवरून येत होता, तो फोन समोरच्या रिटायरिंग रूममध्ये होता. आणि त्या खोलीत दार लावून एकटी शालन चौगुले बसली होती. दोन महिन्यांत जिनं मला एक धड वाक्य ऐकवलं नव्हतं, ती शालन.

आधी थोडं समजावून सांगते, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात ट्रंक एक्स्चेंजला मॉनिटर होते. मॉनिटर म्हणजे ऑपरेटर मुलींवर देखरेख करणारी बाई. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडं नंबर बुक करावा लागे. त्याला ट्रंक कॉल म्हणायचे. समोर भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यात शेकडो भोकं, हातात कॉर्ड. इकडची कॉर्ड तिकडच्या भोकात घातली की माणसं जोडली जायची. ऐकायला सोपं आहे. पण गिऱ्हाईक ओरडत असतं, लाईन खरखरत असते, आणि आपल्याला गोड आवाजात खणखणीत बोलावं लागतं. ऑपरेटरचं सगळं भांडवल म्हणजे तिचा आवाज.

आणि शालनला आवाजच नव्हता.

कसबा बावड्याची पोर. मॅट्रिकला उत्तम मार्क, अक्षर मोत्यासारखं, नंबर एकदा ऐकला की पाठ. पण "नंबर प्लीज" म्हणायची वेळ आली की मान खाली. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून दमायचा. तिचे वडील एकदा मला भेटायला ऑफिसात आले. धोतर, फेटा, हातात सायकलची किल्ली.

"बाई, पोरगी घरात बी बोलत न्हाय. तिला हितं कशाला ठेवून घेतलाय तुमी?"

"शिकेल की हळूहळू," मी म्हटलं.

"ह्यो महिना बगतो. कायम झाली तर झाली. न्हायतर गडहिंग्लजचं स्थळ आलंय, उरकून टाकतो. तिला नको हाय ते, तोंड पाडून बसती. पर नको म्हणून तरी तोंड उघडून सांगावं की न्हाय मानसानं!"

शालन दाराआड उभी राहून ऐकत होती. तेव्हाही ती काही बोलली नाही. पण तिचे डोळे मी पाहिले आणि ठरवलं, या पोरीला बोलती करायची.

शिकाऊ मुलींसाठी मी एक खेळ काढला होता. एका जुन्या बोर्डावर सराव चालायचा. त्याची एक लाईन रिटायरिंग रूममध्ये होती, म्हणजे शिफ्टच्या मुली जिथं पाठ टेकायच्या त्या खोलीत. एका मुलीनं तिथं बसायचं आणि सोंग घ्यायचं. कधी डॉक्टर व्हायचं, कधी मयताची बातमी कळवणारा, कधी भांडकुदळ म्हातारी. दुसरीनं बोर्डावर बसून त्या गिऱ्हाइकाला सांभाळायचं. खेळाचा नियम एकच. पलीकडचं माणूस काहीही म्हणो, सोंग सोडायचं नाही. कारण खरं गिऱ्हाईकही कधी सोडत नाही.

बाकीच्या मुलींना या खेळाचा नाद लागला. शालन मात्र "मला न्हाय जमत" एवढं पुटपुटून भिंतीला चिकटायची. मला वाटलं, हिला सोपं काहीतरी द्यावं. म्हणून तिला लाजरी नवी नवरी दिली, पहिल्यांदाच फोन करणारी. झालं! फोन उचलला आणि तीन मिनिटं नुसता श्वास ऐकू आला.

आमच्यात आक्काताई म्हणून जुनी ऑपरेटर होती, तीन नंबरच्या बोर्डावर बसायची. ती म्हणाली, "अवो बाई, लाजऱ्या मानसाला लाजऱ्याचंच सोंग देताय व्हय? ते तर तिच्याकडं घरचंच हाय. तिला कंटाळा आला असंल त्याचा. एकादा बाप्या द्या की, आरडणारा!"

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीवर लिहिलं: गुळाचा अडत्या, मार्केट यार्ड, राजकोटचा कॉल तीन तास लागत नाही, संतापला आहे. वर सांगितलं, "दार लावून घे. तुला कुणी बघत नाही. आणि काही झालं तरी सोंग सोडू नको."

त्यानंतर जे झालं ते मी सुरुवातीला सांगितलंच.

बोर्डावर मंदाकिनी होती. सोंग घेणारी शालन आहे हे तिला पक्कं माहीत. तरी तो आवाज ऐकून ती चळाचळा कापायला लागली. "सायबाला दे!" म्हणून अडत्या पुन्हा गरजला. या ठिकाणी मंदाकिनीनं काय करायचं, तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत, मी तक्रार लिहून घेते" असं नम्रपणे म्हणायचं. तसं शिकवलं होतं. पण भीतीनं डोकं बंद पडलं आणि हात चालू राहिले. त्या जुन्या बोर्डावर सरावाची लाईन सोडली तर एकच भोक जिवंत होतं, खालच्या मजल्यावरच्या साहेबांच्या केबिनचं. मंदाकिनीनं कॉर्ड उचलली आणि बरोब्बर त्यात घातली.

"येस?" साहेबांचा आवाज.

आमचे साहेब म्हणजे इंजिनियर. पुण्याकडचे, कडक, हसताना कुणी पाहिलेले नाहीत. मी कॉर्ड उपटायला हवी होती. पण पंधरा वर्षं मीच मुलींना शिकवत आले होते, दोन माणसं बोलत असताना मधली कॉर्ड ओढणं हे महापाप. हात उचललाच नाही माझा.

"कोन बोलतंय?" अडत्यानं विचारलं.

"मी इथला इंजिनियर बोलतोय."

"इंजिनियर? मग मी बी कलेक्टर हाय! सकाळी नवाला राजकोट मागितलंय. बारा वाजलं. गुळाची गाडी भरून हुबी हाय. तिकडचा बाजार कळल्याबिगर ती सोडू व्हय मी?"

"लाईन बिझी असेल," साहेब म्हणाले.

"बिझी? कुनी लावून बगितली? तुमच्या तीन नंबरच्या बाईचं निम्मं स्वेटर झालं सकाळधरनं! कॉर्ड हातात न घेताच लाईन बिझी म्हनून सांगती. आमी काय खुळं हाय?"

हे चिठ्ठीत नव्हतं. हे खरं होतं! आक्काताई दुपारच्या गर्दीत खरंच असं करायची, आणि मी खरंच तिकडं काणाडोळा करायची.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" साहेबांचा आवाज बदलला.

"सांगाय कशाला लागतंय? आनि ती तुमची मॉनिटर! वळखीच्या डाक्तरीणबाईचा पुण्याचा कॉल मधनंच घुसवती. आमी नंबर लावून बसायचं आनि बाईची मैत्रीण फुडं. ह्यो कुठला न्याय?"

बाई गं! ती मॉनिटर म्हणजे मी. दोन महिने ही पोर आमच्या पाठीमागं स्टुलावर बसून नुसतं बघत होती. आम्ही तिला भिंतीतला खिळा समजत होतो.

"तुमचा गाळा कुठला? मी स्वतः येतो भेटायला," साहेब म्हणाले.

"ये की! गूळ खायाला घालतो. पर आदी लाईन दे!" आणि फोन आपटल्याचा आवाज.

रिटायरिंग रूमचं दार उघडलं. शालन बाहेर आली. तोंड लालबुंद, कपाळावर घाम. आणि चक्क हसत होती.

"बाई, जमलं काय वो मला? मंदानं मधेच बाप्याचा आवाज लई भारी काढला, तरी मी सोंग सोडलं न्हाय बघा!"

एका दमात एवढं बोलली. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? पण सांगावंच लागलं. ऐकून ती होती तिथंच फरशीवर बसली. मंदाकिनी रडायला लागली. आक्काताई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मीच अक्कल दिली," ती म्हणाली, "आनि माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला."

तेवढ्यात खालून निरोप आला, मॉनिटरबाईंना साहेबांनी ताबडतोब बोलावलंय.

साहेब टेबलाशी उभेच होते. "मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा फोन होता. आजच्या बुकिंगमधून राजकोटचे कॉल काढा. नाव, गाळा, सगळं हवंय. त्या माणसाला आपल्या बोर्डरूममधली खडान्‌खडा माहिती आहे. मी जाऊन माफी मागणार आहे आणि विचारणारही आहे."

"हो सर," एवढंच म्हणून मी वर पळाले.

खरं सांगावं तर शालन गेली. शिकाऊ पोर, वरिष्ठाला अरेतुरे केलेलं, एका कागदावर घरी पाठवतील. न सांगावं तर साहेब अख्खं मार्केट यार्ड पालथं घालणार, नसलेल्या अडत्यासाठी. आणि पोटातलं सांगायचं तर मला माझीही काळजी होती. आक्काताई म्हणाली, "सांगा की, कुनीतरी चेष्टा केली असंल म्हनून. हाय काय नि न्हाय काय." मोह झाला मला, नाही म्हणत नाही.

"मी सांगते," शालन म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

मी तिला घेऊन खाली गेले. ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय काम आहे?"

शालनचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. नाहीच. मग ती वळली आणि केबिनच्या बाहेर पळत सुटली. मला वाटलं, संपलं. ही आता थेट बावडा गाठणार, आणि पुढच्या महिन्यात गडहिंग्लज.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी मला विचारलं. मी तोंड उघडलं, आता सगळं ओकून टाकायचं म्हणून. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला.

साहेबांनी उचलला. केबिन लहान, त्यामुळं पलीकडचा शब्द न्‌ शब्द मला ऐकू येत होता. अडत्या नव्हता. कोवळा, स्वच्छ, कुठंही न थरथरणारा मुलीचा आवाज होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

"सर, मी शालन चौगुले, ट्रेनी. वरच्या सरावाच्या लाईनवरनं बोलतेय. मघाचा अडत्या मीच होते. आमचा सरावाचा खेळ होता, त्यात सोंग सोडायचं नसतं. तुम्ही खरंच साहेब आहात हे मला ठाऊक नव्हतं. अरेतुरे केलं, त्याची माफी मागते. मंदाकिनीची चूक नाही, ती माझ्या आवाजाला भ्याली. बाईंनीही काही केलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण जे सांगितलं ते खोटं न्हाय, सर."

साहेबांनी रिसीव्हर खाली घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ पकडली होती.

"ही मुलगी बोलत नाही असं तुमच्या रिपोर्टात आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहे सर."

त्यांनी रिसीव्हर तोंडाशी नेला. "शालन चौगुले, सोमवारी तुमची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. यायची गरज नाही. ती आत्ता झाली. पास आहात तुम्ही."

पलीकडून "थँक्यू सर" आणि मग, देवाशपथ सांगते, दोन महिने अडकून राहिलेलं एक घसघशीत "नंबर प्लीज!"

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं म्हणायला मी शपथेवर तयार नाही. त्यांनी फोन ठेवला, समोरचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"हं. आता डॉक्टरीणबाईंच्या पुण्याच्या कॉलबद्दल बोलू."

मला लेखी मेमो मिळाला. नोकरीतला तो एकच, आणि अगदी योग्य कारणासाठी. आक्काताईची बदली रात्रपाळीला झाली. पुढं सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. त्या आठवड्यात शालनचे वडील पुन्हा ऑफिसात आले, जरा गोंधळलेले. "बाई, पोरगीनं काल हितल्या शेजारच्या दुकानातनं बावड्याच्या आमच्या दूध सोसायटीत फोन केलता. मला बोलावून घेतलं आनि स्थळ नको म्हनून सरळ सांगितलं. घरात समोर बसून न्हाय, फोनवर! हे काय शिकवलंय तुमी?"

मी म्हटलं, "तेवढंच शिकवता येतं आम्हाला."

शालननं पुढं कित्येक वर्षं नोकरी केली. समोरासमोर शेवटपर्यंत कमीच बोलली. पण बोर्डावर बसली की आडदांड गिऱ्हाइकंसुद्धा तिला "ताई" म्हणत.

तो खेळ मी बंद केला नाही. नव्या मुलींना पुढंही सोंगं देत राहिले, भांडकुदळ म्हातारीची, मयताच्या बातमीची, सगळी. फक्त जुन्या ऑपरेटरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचे: नव्या पोरींपैकी जी बडबड करते तिची काळजी करू नका. जी गप्प बसली आहे, तिच्यासमोर मात्र नीट काम करा.